दात बघूनच जू

एप्रिल उजाडला की गावोगावच्या मैदानांवर फक्कीच्या रेघा पडतात आणि उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. नोंदणीच्या टेबलापाशी एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘सर, आमचा सहा वर्षांचा आहे. आत्ताच घालू की थोडं थांबू?’ त्याच रांगेत मागे उभ्या असलेल्या आईची काळजी नेमकी उलटी असते : ‘हिला बारा पूर्ण झाली. उशीर तर नाही ना झाला?’ दोघांनाही उत्तर हवे असते एका आकड्यात. २८ एप्रिल २०२५ च्या रात्री जयपूरला वैभव सूर्यवंशी या १४ वर्षांच्या मुलाने आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकले. ते पाहिल्यावर सहावे वर्षही कुणाला उशिराचे वाटले असेल, तर त्या पालकाला हसण्याचे कारण नाही. मुलाचे भले व्हावे एवढेच त्याच्या मनात असते, आणि ज्याला त्याच्या होकारात वा नकारात काही मिळवायचे नाही असा सल्लागार त्याला सहसा भेटत नाही.

उत्तर अवघड होते, कारण ‘गंभीर प्रशिक्षण’ या दोन शब्दांत आपण तीन गोष्टी एकत्र बांधतो. पहिली म्हणजे खेळणे : पळणे, चढणे, पोहणे, चेंडू झेलणे. दुसरी म्हणजे ठरलेल्या वेळी, प्रशिक्षकाच्या हाताखाली एखादा खेळ रीतसर शिकणे. तिसरी म्हणजे त्या एकाच खेळाला वाहून घेणे : सकाळ-संध्याकाळ सराव, शाळेशी तडजोड, बाकीचे खेळ बंद, आणि प्रसंगी घर सोडून वसतिगृहात राहणे. पहिलीबद्दल दुमत नाही. ती जितक्या लवकर तितकी बरी. दुसरीबद्दल मतभेद आहेत, पण ते थोडे. भांडण आहे ते तिसरीबद्दल, आणि दोन्ही बाजूंना आपापले बळ आहे.

लवकर सुरुवात करावी म्हणणाऱ्यांची बाजू आधी ऐकू. सचिन तेंडुलकर १९८४ मध्ये शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली आला तेव्हा ११ वर्षांचा होता. सरांच्या सांगण्यावरून त्याची शाळा बदलली, तो शारदाश्रमात गेला आणि मैदान जवळ पडावे म्हणून काका-काकूंकडे राहू लागला. म्हणजे वर सांगितलेली तिसरी गोष्टच त्याने अकराव्या-बाराव्या वर्षी केली, आणि सोळाव्या वर्षी तो कराचीत कसोटी खेळत होता. नागपूरची दिव्या देशमुख पाचव्या वर्षाच्या सुमारास पटावर बसली. २०२५ मध्ये १९ व्या वर्षी तिने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. जिम्नॅस्टिक्स, सूर मारणे, मल्लखांब या प्रकारांत लवचीकपणा, तोल आणि निर्भयपणा लहान वयातच अंगात मुरतो. पहिल्यांदा उलटे लटकताना सात वर्षांच्या मुलाला जितकी मजा वाटते, तितकीच सोळा वर्षांच्याला भीती वाटते. दादरच्या वा अमरावतीच्या व्यायाममंदिरांत चिमुकली पोरे खांबावर चढताना दिसतात, त्यामागे अनेक पिढ्यांचा अनुभव आहे.

मात्र यशाच्या गोष्टी यशस्वी माणसांच्याच सांगितल्या जातात. त्याच शिवाजी पार्कवर, त्याच सरांच्या हाताखाली, त्याच वयात किट खांद्याला लावून येणारी बाकीची मुले आपल्याला आठवत नाहीत. जो आठवतो, त्याचीही गोष्ट सरळ नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात आझाद मैदानावर ६६४ धावांची अभंग भागीदारी झाली. तीत सचिनच्या ३२६ होत्या, तर विनोद कांबळीच्या ३४९, म्हणजे जास्तच. कांबळीची कसोटी सरासरी ५४ च्या वर राहिली, तरीही त्याचा शेवटचा कसोटी सामना तो २३ वर्षांचा असताना झाला. गुरू, मैदान आणि सुरुवात सारखी असूनही वाटा इतक्या वेगळ्या गेल्या, तर सुरुवातीच्या वयाला आपण देतो तेवढे श्रेय देता येत नाही आणि तेवढा दोषही देता येत नाही.

संशोधनाचा कौलही याच अंगाने जातो. जर्मन अभ्यासक आर्ने ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र करून तपासली. कुमार वयात चमकलेल्यांनी आपला मुख्य खेळ लवकर धरला होता, त्यात जास्त सराव केला होता आणि त्यांची प्रगतीही झपाट्याने झाली होती. प्रौढपणी जागतिक दर्जा गाठलेल्यांचे चित्र उलटे निघाले. त्यांनी लहानपणी अनेक खेळ खेळले, मुख्य खेळ उशिरा धरला आणि सुरुवातीला ते मागेच होते. दहा हजार तासांच्या सरावाची कथा आपल्याकडे मंत्रासारखी सांगितली जाते. तिचे मूळ १९९३ च्या बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासात आहे, आणि तिथेही तो आकडा एक सरासरी होती. इतके तास भरले की फळ मिळेल असे वचन तिथे कुणी दिले नव्हते.

असे असले तरी, सरासरीचे निष्कर्ष आपल्या जमिनीवर उतरवताना सावध राहायला हवे. दहा-बारा वर्षांपर्यंत चार-पाच खेळ चाखून बघण्यासाठी चार-पाच खेळ आसपास असावे लागतात. पुण्या-मुंबईच्या सोसायटीतल्या मुलाला पोहण्याचा तलाव, टेनिसचे कोर्ट आणि फुटबॉलचे टर्फ हाकेच्या अंतरावर मिळते. राधानगरी तालुक्यातल्या वाडीवरच्या मुलापुढे शाळेचे पटांगण आणि फार तर शेजारच्या गावची तालीम असते. ‘सगळं खेळू द्या, मग ठरवा’ हा सल्ला तिथे शहाणपणाचा असूनही पोकळ ठरू शकतो. ज्या घरात खेळ हीच शिक्षणाची, नोकरीची आणि गाव ओलांडण्याची एकमेव शिडी आहे, तिथे ती शिडी लवकर धरली म्हणून बापाला नावे ठेवणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. ही गाजरे खोटी नाहीत, त्यांनी घरे उभी राहिली आहेत.

शिवाय दारे वयाने बंद होतात. निवड चाचण्या १४ वर्षांखालील, १६ वर्षांखालील, १७ वर्षांखालील अशा गटांत होतात, आणि पहिल्या गटात ज्याचे नाव लागत नाही त्याच्याकडे दुसऱ्या गटाच्या वेळी कुणाचे लक्ष जातेच असे नाही. थांबण्याचा सल्ला देणारा तज्ज्ञ चूक नसतो, पण थांबलेल्या मुलासाठी तो दार धरून उभा राहत नाही.

मुलींच्या बाबतीत हा युक्तिवाद आणखी धारदार होतो. आपल्याकडे मुलगी वयात आली की मैदान सुटण्याची शक्यता वाढते. कपडे, पाळी, संध्याकाळची एसटी, लोकांच्या नजरा आणि घरातली कामे या साऱ्यांचा एकत्र भार पडतो. जिने दहाव्या वर्षी खो-खोचा पाठलाग शिकून घेतला, तालुक्याला नाव कमावले, तिला तेराव्या वर्षी घरी बसवताना घरचेही दोनदा विचार करतात. जिने सुरुवातच केली नाही, तिच्यासाठी ‘नंतर’ नावाचे वर्ष उगवेलच असे नाही. म्हणून लवकर सुरुवातीकडे कधी कधी महत्त्वाकांक्षेपेक्षा संरक्षण म्हणून पाहावे लागते.

दुसरीकडे शरीराचे म्हणणे आहे, आणि ते सामाजिक अडचणी ऐकून बदलत नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते. हाड तिथून वाढते आणि एकाच जागी रोज ताण पडला तर तिथेच दुखावते. उड्यांचा सराव करणाऱ्या मुलांना गुडघ्याखाली येणारी दुखरी गाठ, कोवळ्या वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला पडणारी सूक्ष्म चीर, पोहणाऱ्यांचे खांदे, अशी उदाहरणे क्रीडावैद्यकाला नवी नाहीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले की बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणे पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावे, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असावी आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या टप्प्याने, त्या खेळापासून दूर राहावे. नीरू जयंती या डॉक्टरांच्या अभ्यासातून निघालेला ठोकताळा तर पालकांना लक्षात ठेवायला सोपा आहे : मुलाच्या वयाची जितकी वर्षे, आठवड्याला त्याहून जास्त तास शिस्तीचा सराव नको.

तथापि हा मुद्दा ताणू नये. आपल्या बहुसंख्य मुलांचे शरीर अतिखेळाने झिजते आहे असे म्हणणे धाडसाचे होईल; खेळाच्या तासाला गणित उरकणाऱ्या शाळा आणि क्लासच्या रिक्षा पाहिल्या तर उलटेच वाटते. दुखापतीच्या भीतीने पोराला घरात बसवणे हा रोगापेक्षा वाईट उपचार ठरेल. भीती बाळगायची ती खेळण्याची नाही, तर एकाच हालचालीच्या अखंड पुनरावृत्तीची. तालमीतला जुना वस्ताद पोराला थेट कुस्ती न देता आधी जोर-बैठका, दोरी, माती उकरणे, धावणे यांतून नेतो. त्या क्रमात शरीराची जी समज आहे, ती आजच्या कित्येक चकचकीत अकादम्यांत सापडत नाही.

उशिरा आलेल्यांची उदाहरणेही कमी नाहीत. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला आणि विशीत आल्यावर शर्यतींकडे वळला. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. अंजली भागवतांनी महाविद्यालयात, एनसीसीमध्ये बंदूक हाती घेतली आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठली. नीरज चोप्राच्या हातात भाला आला तो सुमारे तेराव्या वर्षी, आणि तोही वजन कमी करायला मैदानावर गेला असताना. मात्र या उदाहरणांवरूनही घाईने निष्कर्ष काढू नये. सहनशक्तीचे आणि नेमबाजीचे खेळ उशिराच्या वयाला अनुकूल आहेत, जिम्नॅस्टिक्स तसे नाही. आणि साबळे शून्यातून आला नव्हता. घर ते शाळा हे काही किलोमीटरचे अंतर तो लहानपणी चालत-धावतच तोडत असे. त्याचे प्रशिक्षण उशिरा सुरू झाले, खेळ लहानपणीच सुरू झाला होता.

जगाने या प्रश्नाला नियमांनी उत्तर देऊन पाहिले. १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिम्पिकला जिम्नॅस्ट नादिया कोमानेची १४ वर्षांची होती. पुढे महिला जिम्नॅस्टिक्समध्ये ज्येष्ठ गटासाठी वयाची अट वाढत जाऊन १९९७ पासून १६ झाली. २०२२ च्या बीजिंग हिवाळी स्पर्धेत १५ वर्षांच्या स्केटर कमिला वालियेवाचे उत्तेजक-चाचणीचे प्रकरण गाजले आणि फिगर स्केटिंगच्या जागतिक संघटनेने किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ केले. या नियमांनी निदान सर्वोच्च व्यासपीठावरचा ताण काहीसा लांबवला. परंतु स्पर्धेचे वय वाढवल्याने सरावाचे वय वाढत नाही. सोळाव्या वर्षी उतरायचे म्हणून सहाव्या वर्षापासून राबवून घेणे नियमांत बसते. जिथे नियमच नव्हता तिथे काय घडले, तेही आपण पाहिले आहे. २००६ च्या मे महिन्यात ओडिशात बुधिया सिंग हा चार वर्षांचा मुलगा पुरीपासून भुवनेश्वरपर्यंत ६५ किलोमीटर धावला. लोक टाळ्या वाजवत होते. नंतर सरकारला मध्ये पडून त्याचे असे धावणे थांबवावे लागले. त्याला झोपडपट्टीतून बाहेर काढून जेवूखाऊ घालणारा माणूस आणि त्याला उन्हात पळवणारा माणूस एकच होता, ही या प्रश्नाची खरी गुंतागुंत आहे.

नॉर्वेने वेगळी वाट धरली. तिथे ११ व्या वर्षापर्यंत मुलांच्या स्पर्धांचे निकाल क्रमवारीने लावत नाहीत, आणि १३ व्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. तरीही सुमारे ५५ लाख वस्तीच्या त्या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ३९ पदके मिळवली. ‘उशिरा जिंका’ म्हणणाऱ्यांना हा भक्कम पुरावा वाटतो. याउलट चीनच्या क्रीडाशाळा मुलांना कोवळ्या वयात निवडून घेतात. तिथून आलेल्या छ्वान होंगछानने टोकियो ऑलिम्पिकमध्ये १४ व्या वर्षी दहा मीटरवरून सूर मारत सुवर्ण नेले. दोन्ही पद्धती पदके देतात. फरक आहे तो पदक न मिळालेल्यांच्या वाट्याला काय येते यात. पण प्रामाणिकपणे हेही म्हणायला हवे की नॉर्वेच्या मागे सुबत्ता आहे, गावोगावचे क्लब आहेत आणि संध्याकाळी फुकट शिकवणारे पालक आहेत. नियम आयात करता येतात, त्यांच्यामागचा समाज आणता येत नाही.

इथे आपल्याच शिवारातले एक शहाणपण उपयोगी पडते. बैलगाडा शर्यतीचा नाद असलेल्या पट्ट्यात वासराचे वय विचारले तर कुणी जन्मतारीख सांगत नाही. ‘आदत आहे’, ‘दुसा झालाय’, ‘चौसा आहे’ असे उत्तर येते. दुधाचे दात असेपर्यंत आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. आदत वासराला मोकळे फिरवतात, दाव्याची आणि माणसाच्या हाताची सवय लावतात, पण नांगराचे जू त्याच्या मानेवर ठेवत नाहीत. शर्यतीतही आदतांचा गट वेगळा ठेवण्याची रीत आहे. वय पंचांगात न पाहता अंगात पाहायचे, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही.

मुलांच्या बाबतीत आपण उलट करतो. १३ वर्षांच्या दोन मुलांत एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसरा अजून चौथीतल्या अंगाचा असतो. दोघे एकाच गटात, एकाच खेळपट्टीवर उभे राहतात आणि थोराड दिसणाऱ्याची निवड होते. कॅनडाच्या आइस हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले संघांत जास्त दिसतात, हे १९८० च्या दशकातच ध्यानात आले होते. कारण साधे आहे : गटात ती सर्वांत मोठी असतात. आपल्याकडे तर जन्मदाखलाच लहान करण्याची वाईट चाल आहे, आणि त्यावर उपाय म्हणून क्रिकेट मंडळाला मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहावे लागते. चोर पकडायला जे तंत्र वापरतो, तेच मूल सांभाळायला वापरता येईल. कुणाची वाढ कुठवर आली आहे हे पाहून भार ठरवता येईल, आणि मागे असलेल्याला ‘तू संपलास’ असे सांगण्याऐवजी ‘तुझी वेळ यायची आहे’ असे सांगता येईल.

उपमा मात्र इथे सोडून द्यायला हवी. बैलाला कुणी विचारत नाही, मुलाला विचारावे लागते. आणि इथेच वयाच्या प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग येतो. सात वर्षांचे मूल ‘मला आवडतं’ म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नसते. पण त्याला सर आवडतात, बाबांचे हसू आवडते की खेळ आवडतो, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. बापाने जमीन विकली, आईने नोकरी सोडली, घर शहरात हलवले, की ते प्रेम मुलाच्या खांद्यावर कर्जासारखे बसते. त्या त्यागाला कमी लेखू नये. त्याच्याशिवाय कित्येक खेळाडू घडले नसते. परंतु ज्या मुलाला ‘मला आता नको’ म्हणण्याची सोय उरत नाही, त्याच्या ‘हो’ला फारसा अर्थ नसतो.

दोन्ही पारडी अशी तोलल्यावर आमचा कल सांगतो. सर्वसाधारण खेळांत दहाव्या वर्षापर्यंत मुलाने जे जे जवळ आहे ते खेळावे. दहा ते तेरा या काळात रीतसर शिकावे, पण शक्यतो दोन खेळांत. एकाच खेळाला वाहून घेणे, विशेषतः घर सोडणे, १४ च्या आसपास सुरू व्हावे. बालरोगतज्ज्ञ सुचवतात त्याच्या वर्षभर अलीकडे आम्ही थांबतो, ते वर सांगितलेल्या मुली आणि गरीब घरांतली मुले डोळ्यांसमोर ठेवून. त्यांच्यासाठी दारे खरोखर लवकर मिटतात. जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब, सूर मारणे, पोहणे आणि बुद्धिबळ हे अपवाद. त्यांत सहाव्या-सातव्या वर्षी शिक्षण सुरू व्हायला हरकत नाही, मात्र तासांची मर्यादा तिथे अधिक कडक हवी. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, म्हणजे तेराव्या-चौदाव्या वर्षी. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याला कांस्य मिळाले ते १५ वर्षांनी. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे आम्ही वरच मान्य केले आहे. पण वेळ पुरला, एवढे त्यातून दिसते.

या भूमिकेची किंमत आम्हाला ठाऊक आहे. १४ पर्यंत थांबण्याचा आग्रह धरला असता तर अकराव्या वर्षी शाळा बदलणारा सचिन आमच्या नियमात बसला नसता. एखादी असामान्य मुलगी आमच्या सल्ल्याने दोन वर्षे मागे राहील, आणि ती दोन वर्षे तिला परत मिळणार नाहीत. म्हणून हा सल्ला कायदा होऊ नये. अपवादाला वाट असावी, फक्त ती तीन अटींवर : निर्णय प्रशिक्षकाने एकट्याने घेऊ नये, मूल नात्यातल्या वा विश्वासाच्या माणसांजवळ राहावे, जसा सचिन राहिला, आणि शाळा सुटू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वयाबाहेरची आहे. जितक्या लवकर मूल आत शिरते, तितकी बाहेर पडायची वाट रुंद हवी. क्रीडा वसतिगृहातून दुखापतीने वा मंदावलेल्या प्रगतीने बाहेर पडणारे सोळा वर्षांचे मूल आज बहुधा अपयशाचा शिक्का घेऊन गावी परतते; अभ्यास मागे पडलेला असतो आणि सोबतचे पुढे गेलेले असतात. त्याला पुन्हा वर्गात बसवणारी वर्षभराची शिकवणी आणि दुसऱ्या खेळात उतरण्याची एक संधी इतके जरी शासनाने बांधून दिले, तरी लवकर सुरुवातीचा धोका निम्म्याने हलका होईल असे आम्हाला वाटते. प्रशिक्षकांचे मोल केवळ कुमार गटाच्या पदकांवर ठरवणेही थांबायला हवे. ज्याची पगारवाढ यंदाच्या १४ वर्षांखालील करंडकावर टांगली आहे, त्याने मुलाच्या विशीचा विचार करावा अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. आणि शाळेतला खेळाचा तास खेळालाच मिळाला, तर चार खेळ चाखण्याचा हक्क केवळ सोसायटीतल्या मुलांचा राहणार नाही.

यावर दुमत होईल, व्हावेही. ज्याने दहाव्या वर्षी तालीम गाठून घर सावरले त्याला आमचे म्हणणे गुळमुळीत वाटेल. जिच्या मुलीचा गुडघा बाराव्या वर्षी कायमचा दुखावला तिला ते पुरेसे कडक वाटणार नाही. दोघांचाही अनुभव खरा आहे.

तर नोंदणीच्या टेबलापाशी परत जाऊ. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबांना सांगावे : घाला, पण पावसाळ्यानंतर दुसऱ्या एखाद्या खेळाला पाठवा. बारा वर्षांच्या मुलीच्या आईला सांगावे : उशीर झालेला नाही, उद्या सकाळी सहाला घेऊन या. आणि अर्जावर वयाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना छापावा : ‘पुन्हा विचार कधी करणार?’ तिथे तारीख लिहिल्याशिवाय कुणाचीच फी घेऊ नये.